वॉटसनचा अहवाल

आवाज सगळीकडे नीट पोहोचतोय असं धरून चालतो. आयुष्य वायरलेसवर बोलण्यात गेलंय, तेव्हा मधेच 'ओव्हर' म्हणालो तर हसू नका.

मी फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झालो. आम्ही मूळचे सातारचे. नोकरीत देश पालथा घातला आणि शेवटी महूला घर बांधलं. आज ऐकणाऱ्यांत इंदूर, बडोदा, बेंगळुरू, दिल्ली अशा ठिकाणची मंडळी आहेत असं संयोजकांनी सांगितलं. त्यांना वाटलं होतं की मी एखाद्या लढाईवर बोलेन. मी म्हटलं, लढाईवर बोलणारे खूप आहेत, मला डॉक्टर वॉटसनवर बोलू द्या. ते जरा गोंधळले. म्हणाले, शेरलॉक होम्सवर का? म्हटलं, नाही. होम्सवर सगळेच बोलतात.

लहानपणी आमच्या आळीत एक वाचनालय होतं. तिथून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आणायची, ती अभ्यासाच्या वहीत घालून वाचायची आणि मग मागच्या अंगणात धनंजय-छोटूचा खेळ. धनंजय व्हायला सगळे तयार. छोटू व्हायला कोणी तयार नसे. शेवटी तो मान धाकट्या भावाकडे जायचा, आणि तो रडत रडत छोटू व्हायचा. पुढे भालबा केळकरांच्या मराठीतून होम्स भेटला, आणि एनडीएत गेल्यावर इंग्रजीतून. तिथेही तेच. आम्ही सगळे होम्स. वॉटसन ही एकमेकांना द्यायची शिवी होती. 'अरे वॉटसन, नकाशा उलटा धरलायस!' असं आम्ही म्हणायचो.

मी तो वॉटसन पहिल्यांदा नीट वाचला तो चाळिशीनंतर. का, ते पुढे येईलच.

आधी हा माणूस कोण ते पाहू. 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही पहिली कादंबरी १८८७ साली छापून आली. तिच्या पहिल्या दोन-तीन पानांतच वॉटसनची सर्व्हिस रेकॉर्ड शीट आहे म्हणा ना. १८७८ साली लंडन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी, मग नेटलीला लष्करी सर्जनचं प्रशिक्षण, मग पलटणीत नेमणूक. पलटण हिंदुस्थानात. जहाजाने तो उतरतो कुठे? मुंबईला. आणि उतरल्यावर त्याला कळतं की पलटण केव्हाच खिंडी ओलांडून पुढे गेली आहे. ज्यांनी कधी फौजेत 'जॉइनिंग रिपोर्ट' दिला असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. आपण पोहोचावं आणि युनिट हललेलं असावं! मग तो कंदाहारला जातो, तिथे त्याला बर्कशायर पलटणीकडे पाठवतात आणि तो मैवंदच्या लढाईत सापडतो.

मैवंद ही खरी लढाई. २७ जुलै १८८०. जनरल बरोज यांची ब्रिगेड, सगळी मिळून अडीच हजारांच्या आसपास माणसं, आणि समोर अयूब खानाची कितीतरी मोठी फौज. बरोजच्या हाताखाली गोऱ्यांची ६६वी बर्कशायर पलटण होती, तशाच मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या देशी पलटणी होत्या, त्यांत बॉम्बे ग्रेनेडियर्स. ऐन उन्हाळा आणि पाण्याचे हाल. ब्रिगेडची नऊशेहून जास्त माणसं एका दिवसात पडली. इंग्रजांचा अफगाणिस्तानातला हा मोठा पराभव. उरलेले लोक रात्रभर चालत कंदाहारकडे मागे आले. त्यांत पाण्यावाचून वाटेत किती बसले ते वेगळंच.

कॉनन डॉयलने आपला वॉटसन या पराभवात घातला. त्याला जेझेल बंदुकीची गोळी लागते, खांद्यात. पुढच्या कादंबरीत हीच गोळी पायात जाते. लेखक विसरला असावा. आम्ही म्हणायचो, मेडिकल बोर्डापुढे हे चाललं नसतं. गंमत सोडा. तर वॉटसन जखमी पडलेला, शत्रू जवळ आलेला, आणि त्याला वाचवतो कोण? मरे नावाचा त्याचा ऑर्डर्ली. तो त्याला उचलून ओझ्याच्या घोड्यावर टाकतो आणि मागे घेऊन येतो. बस, एवढंच. एका वाक्यात मरे येतो, आणि साठ कथा-कादंबऱ्यांच्या त्या साऱ्या पसाऱ्यात पुन्हा त्याचं काय झालं ते कोणी सांगत नाही.

आपल्या फौजेत ऑर्डर्लीला काय म्हणतात, माहीत आहे? सहायक. म्हणजे होम्सचा सहायक वॉटसन आणि वॉटसनचा सहायक मरे. मरे नसता तर वॉटसन नाही, आणि वॉटसन नसता तर होम्सची गोष्ट लिहायला कोणी नाही.

आता दुसरी जोडी घ्या. अगाथा ख्रिस्तीचा पॉयरो आणि त्याचा कॅप्टन हेस्टिंग्ज. 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', १९२०. हेस्टिंग्जही फौजी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून जखमी होऊन परत आलेला. म्हणजे या दोन गाजलेल्या जोड्यांत बुद्धिमान माणूस मुलकी आणि मंद माणूस लष्करी! मी आमच्या मेसमध्ये एकदा हे बोललो तर ब्रिगेडियरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि सूप प्यायला लागले. बरं, जिथे लष्करी माणूस हुशार निघतो तिथे तो बदमाश असतो. 'द एम्प्टी हाउस'मधला कर्नल मोरान आठवा. हिंदुस्थानात नोकरी केलेला, जखमी नरभक्षक वाघामागे गटारातून सरपटत गेलेला आणि शेवटी होम्सवर एअरगन रोखणारा. मीही कर्नल, पण माझ्याकडे एअरगन नाही.

ही जोडीची रीत सुरू केली एडगर ॲलन पोने, १८४१ साली, रू मॉर्गच्या खुनांच्या कथेत. तिथला हुशार माणूस द्युपां. त्याच्या सोबत्याला तर नावसुद्धा नाही. तो फक्त चकित होतो आणि लिहून ठेवतो. का लागतो असा माणूस? सरळ कारण आहे. हुशार माणसाच्या डोक्यातून गोष्ट सांगितली तर खुनी कोण ते तिसऱ्या पानावर कळेल. म्हणून कॅमेरा शेजारच्या माणसाच्या खांद्यावर ठेवायचा. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबाबांनी रहस्यकथेचे दहा नियम केले. त्यात एक असा की या सोबत्याने आपल्या मनात आलेलं काही लपवायचं नाही, आणि त्याची अक्कल साधारण वाचकापेक्षा किंचितच कमी असावी. किंचित, बरं का. म्हणजे वाचकाला बरं वाटतं.

होम्सला स्वतःलाही हे कळलं होतं. १९२६ साली दोन कथा आल्या, 'द ब्लांच्ड सोल्जर' आणि 'द लायन्स मेन'. त्या होम्स स्वतः सांगतो. आणि पहिल्याच कथेत तो कबूल करतो की लिहायला बसल्यावर कळलं, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. वॉटसन मधले दुवे झाकून ठेवायचा म्हणून शेवटी टाळ्या मिळत होत्या. मी जेव्हा जेव्हा या कथा वाचतो तेव्हा काहीतरी कमी वाटतं. हुशार माणूस स्वतःविषयी बोलायला लागला की कंटाळा येतो. हे मी निवृत्त अधिकाऱ्यांच्या सभेत बोलत नाही, इथे बोलतो.

शरदिंदू बंद्योपाध्यायांनीही शेवटच्या काही ब्योमकेश कथांत अजितला निवेदकाच्या जागेवरून हलवलं. शरदिंदूबाबू १९५२पासून पुण्यात राहत होते, हे अनेकांना माहीत नसतं. बंगाली डिटेक्टिव्हचे कित्येक कारनामे आपल्या पुण्यात लिहिले गेले. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची मालिका लागली तेव्हा रजित कपूरचा ब्योमकेश सगळ्यांना आवडला, मला के. के. रैनांचा अजित जास्त आवडला. तो मूर्ख दिसत नाही. तो ऐकतो. पडद्यावर ऐकण्याचं काम करणं फार कठीण असतं.

वॉटसनच्या नशिबी तसं आलं नाही. १९३९ ते १९४६ या काळात हॉलिवूडमध्ये बॅसिल रॅथबोनचे होम्सपट निघाले. त्यात वॉटसन झाला नायजेल ब्रूस, धडपडणारा, बडबडणारा, म्हातारा गबाळा. लोकांच्या डोक्यात तोच बसला. पुस्तकातला वॉटसन तसा नाही. तो डॉक्टर आहे. पिस्तूल बरोबर ठेवतो आणि वेळेवर काढतो. त्याला दिसतं, फक्त दिसलेल्याचा अर्थ लागत नाही. हे दोन वेगळे दोष आहेत. आम्ही फौजेत तरुणपणी ते एकच समजायचो. मी तरी समजत होतो.

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून स्टाइल्सच्या कादंबरीतला एक प्रसंग सांगतो. शंभर वर्षं होऊन गेली, आता थोडं सांगायला हरकत नाही. खुनी सांगत नाही. पॉयरो अडलाय. डोकं शांत करायला तो पत्त्यांचे मजले रचतोय. हेस्टिंग्ज शेजारी बसून सहज म्हणतो, तुमचा हात काय स्थिर आहे हो, मी तो एकदाच थरथरताना पाहिला. केव्हा? त्या दिवशी तुम्ही चिडला होतात आणि शेकोटीवरच्या वस्तू सरळ करत होतात, तेव्हा. झालं! पॉयरो ओरडत उठतो आणि बाहेर धावतो. कारण त्याला आठवतं की त्या वस्तू त्याने त्याच सकाळी एकदा सरळ केल्या होत्या. मग दुसऱ्यांदा सरळ करायची वेळ का आली? मधल्या वेळात त्यांना कोणीतरी हात लावला होता. हवा असलेला कागद तिथेच सापडतो. हेस्टिंग्जला शेवटपर्यंत कळत नाही की आपण काय बोललो. पण समजा, त्याने मनात म्हटलं असतं, 'हात थरथरला, यात काय सांगायचं? काही महत्त्वाचं असेल तर बोलू.' तर पॉयरो पत्तेच रचत बसला असता.

आणि होम्स स्वतः कसा घडला? डॉयल एडिंबरोला डॉक्टरकी शिकत होता. तिथे डॉक्टर जोसेफ बेल होते, रोग्याला पाहून त्याचा धंदा ओळखणारे. डॉयलने आठवण लिहून ठेवली आहे. एक माणूस आत आला. बेल म्हणाले, तुम्ही नुकतेच फौजेतून सुटलात, हायलँड पलटणीतून, नॉन-कमिशन्ड ऑफिसर होतात, बार्बाडोसला होतात. सगळं बरोबर! कसं? माणूस आदबशीर आहे पण टोपी काढली नाही, म्हणजे सुटून फार दिवस झाले नाहीत; चेहऱ्यावर हुकमत आहे; आणि पाय हत्तीरोगाने सुजलेत, म्हणजे वेस्ट इंडीज. बेलचं कौतुक सगळेच करतात. त्या वेळी डॉयल काय करत होता? तो बेलचा कारकून होता. बाहेर बसलेल्या रोग्यांची टिपणं करायची, एकेकाला आत आणायचं आणि गप्प उभं राहायचं. म्हणजे होम्स ज्याने लिहिला तो माणूस आयुष्यात वॉटसनच्या खुर्चीवर बसलेला होता.

आता माझं.

१९८६चा पावसाळा. उत्तरेकडच्या डोंगरात आमची पलटण होती. मी कॅप्टन, पाच वर्षं नोकरी झालेली, आणि माझ्याकडे इंटेलिजन्सचं काम. होम्सचा जाडजूड खंड मी बंकरमध्ये उशाला ठेवायचो. 'अ स्कँडल इन बोहेमिया'मध्ये ते प्रसिद्ध संभाषण आहे ना, की घरच्या जिन्याला पायऱ्या किती, तर वॉटसनला सांगता येत नाही आणि होम्स म्हणतो सतरा. त्याने मला वेड लावलं होतं. मी जवानांना उगाच विचारायचो, लंगरच्या तंबूला दोर किती? बिचारे मोजायला धावायचे.

नाल्याच्या वरच्या अंगाला आमची एक ओपी होती, म्हणजे टेहळणीची चौकी. तिथे तीन-चार जण राहायचे. समोरच्या उतारावर आणि पायवाटेवर नजर ठेवायची आणि जे दिसेल ते लॉगबुकात लिहायचं. ते लॉगबुक आठवड्याने माझ्याकडे यायचं. चौकीवर एक नाईक होता, शिराळ्याकडचा, वारणेच्या काठचा. नाव सांगत नाही. बोलायला मंद. प्रश्न विचारला की उत्तर यायला एवढा वेळ लागायचा की आपल्याला वाटावं ऐकलंच नाही. तो लॉगमध्ये पायवाटेचं लिहायचाच, पण रोज सकाळी पाणी आणायला खाली नाल्यावर जायचा, तर तेही लिहायचा. 'सकाळी सहा. पाणी काळ्या दगडाच्या चार बोटं खाली.' दुसऱ्या दिवशी, 'तीन बोटं खाली.' रोज. नदीकाठच्या माणसाची सवय. घरी पायरी बघत असेल, इथे दगड बघायचा.

मी ते लाल पेन्सिलीने खोडलं. एकदा नाही, सगळ्या आठवड्याचं. समासात 'असंबद्ध' लिहिलं. आणि चौकीवर गेलो तेव्हा बाकीच्यांसमोर त्याला उभं करून सतरा पायऱ्यांचं व्याख्यान दिलं. बघणं वेगळं आणि निरीक्षण करणं वेगळं. ज्यातून काही निष्कर्ष निघतो तेवढंच लिहायचं. पाण्याचं नको. तो म्हणाला, 'हो साहेब.' पुढच्या आठवड्याच्या लॉगमध्ये पाणी नव्हतं. मला समाधान वाटलं. मी माणूस घडवला होता.

त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी वरच्या भागात दोन दिवस पाऊस पडत होता. आमच्याकडे नुसती भुरभुर. रात्री दीडच्या सुमारास आवाज आला. रेल्वेगाडी अंगावर यावी तसा. नाल्यातून पाणी, चिखल, दगड आणि झाडांचे ओंडके एकदम खाली आले. लाकडी पूल गेला, रेशनचा तंबू गेला, दोन खेचरं गेली. पुलावर संत्री होता, एकवीस वर्षांचा मुलगा. तो दोनशे मीटर खाली ओंडक्यांत अडकलेला सापडला. जिवंत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

सकाळी मी चौकीवर गेलो. खरं तर चौकशीसाठी गेलो नव्हतो, सगळे सुखरूप आहेत का बघायला गेलो होतो. नाईक चहा करत होता. मी विचारलं, 'काल संध्याकाळी पाणी वाढलं होतं का रे?' त्याने नेहमीसारखा वेळ घेतला. 'नाही साहेब. कमी झालं होतं.'

'कमी?'

'चांगलंच कमी. काळा दगड पुरा उघडा पडला होता. जेरीकॅन बुडेना. मग्याने भरला.'

'मग सांगितलं का नाहीस?'

'आपण म्हणाला होता ना साहेब, पाण्याचं नको.'

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आमचे एक वयस्क सुभेदार डोंगरातलेच होते. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, वर पाऊस चालू आणि नाला एकदम उतरला तर वर दरड पडून पाणी अडलंय, हे आमच्याकडे शेळ्या राखणारी पोरंसुद्धा जाणतात, साहेब. म्हणजे अर्थ लावणारा माणूस पलटणीत होता. बघणारा माणूस होता. दोघांच्या मधे मी होतो, लाल पेन्सिल घेऊन. तो अर्थ मला लागला असता का? नाही. मला पाण्यातलं काही कळत नव्हतं. पण तो लॉग संध्याकाळच्या सिट्रेपमध्ये, म्हणजे रोजच्या अहवालात, गेला असता तर सुभेदारसाहेबांच्या कानावर पडलाच असता, आणि संत्री पुलावरून वर घेतला असता. तीन तासही लागले नसते. तीन मिनिटांचं काम.

रीतसर चौकशी झाली. नैसर्गिक आपत्ती, पूर्वसूचना नव्हती, असा निष्कर्ष निघाला. लॉगमध्ये पूर्वसूचना नव्हतीच. ती नसण्याचं कारण चौकशीला माहीत नव्हतं. मी कमांडिंग ऑफिसरांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी खोडलेली पानं मागवली, बघितली, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'खोडरबर आहे का तुझ्याकडे? नाही ना. मग राहू दे तसंच.' ती पानं त्यांनी मला परत दिली.

होम्सचा खंड मी त्यानंतर बरीच वर्षं उघडला नाही. पुन्हा उघडला तो लेफ्टनंट कर्नल झाल्यावर, एका लांबच्या रेल्वेप्रवासात, आणि हातात आलं 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'. ही १९०१ साली मासिकातून यायला लागलेली कादंबरी. त्यात होम्स वॉटसनला एकट्याला डार्टमूरच्या माळरानावर पाठवतो. निघताना स्टेशनवर काय सांगतो माहीत आहे? तू मला फक्त घडलेलं कळव, शक्य तेवढं सविस्तर. तर्क माझ्यावर सोड. मी हे शाळेत असताना वाचलं होतं, एनडीएत वाचलं होतं, बंकरमध्येही वाचलं असणार. आणि मी माझ्या नाईकाला नेमकं उलटं सांगितलं होतं. होम्स व्हायला निघालो आणि होम्सचा साधा हुकूम वाचला नाही.

वॉटसन मग अहवाल लिहितो. पुस्तकात ते अहवाल जसेच्या तसे आहेत. नोकराने रात्री खिडकीत मेणबत्ती धरली, शेजारचा माणूस फुलपाखरं पकडतो, दलदलीकडून कसला आवाज आला. जे दिसलं ते सगळं. फुलपाखरं पकडणारा स्टेपलटन पहिल्याच भेटीत सहज बोलून गेला होता की आपण पूर्वी उत्तर इंग्लंडमध्ये शाळा चालवत होतो. वॉटसनला त्यात काही विशेष वाटलं नाही. होम्सने तेवढ्यावरून त्या शाळेचा माग काढला आणि स्टेपलटनबरोबर बहीण म्हणून राहणारी बाई त्याची बायको आहे, हे शोधून काढलं. सगळं प्रकरण तिथून उलगडतं.

आणखी एक जागा आहे, तिथे मी रेल्वेत पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो. वॉटसनला कळतं की होम्स लंडनला नव्हताच. तो त्याच माळावर दगडी झोपडीत लपून राहिला होता. वॉटसनला वाईट वाटतं. म्हणजे माझा विश्वास नव्हता तर? आणि माझ्या अहवालांचा काही उपयोगच झाला नाही? तेव्हा होम्स खिशातून ते कागद काढून दाखवतो. लंडनहून फिरून त्याच्याकडे येत होते, एका दिवसाच्या उशिराने. वाचून वाचून हाताळलेले.

मी माझ्या नाईकाचे कागद कधी असे हाताळले नव्हते. मी ते खोडले होते.

पुढे मला पलटणीची कमान मिळाली तेव्हा मी लॉगबुकात दोन रकाने करून घेतले. एक, काय दिसलं. दुसरा, काय वाटलं. दुसरा रिकामा ठेवला तरी चालेल, पहिला रिकामा दिसला तर मला येऊन सांगायचं का, असा हुकूम. तरुण अधिकारी कुरकुरायचे. पहिल्या रकान्यात काहीही यायचं. कुठल्या कुत्रीला पिल्लं झाली, कोणाच्या छपराला नवीन पत्रा आला. मी रोज रात्री तासभर ते वाचायचो. नव्याण्णव टक्के निरुपयोगी होतं. नव्याण्णव हा आकडा मी अंदाजाने सांगतोय, मोजलेला नाही. होम्सने मोजला असता.

पाय गेलेल्या त्या मुलाला मी त्यानंतर दोनदा भेटलो. गावी किराणा दुकान टाकलंय त्याने, बरं चाललंय. त्याला काळ्या दगडाची गोष्ट मी सांगितलेली नाही. दोन्ही वेळा ठरवून गेलो होतो. आज हे रेकॉर्ड होतंय आणि पुढे पुस्तकात छापणार म्हणतात, तेव्हा त्याआधी मला एकदा जाऊन यायला हवं. संयोजकांना मी तेवढी मुदत मागितली आहे, त्यांनी दिली आहे.

आणि नाईक हवालदार होऊन निवृत्त झाला, शिराळ्याकडे गावी असतो. दिवाळीला फोन करतो. बोलणं अजून तसंच, मधे मोठ्या मोठ्या जागा. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरकडे तो महापूर आला तेव्हा मी घाबरून त्याला फोन लावला. लागेना. दुसऱ्या दिवशी लागला. मी म्हटलं, 'अरे, कसे आहात सगळे?' थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाला, 'साहेब, पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीवर आहे. सकाळी दुसरीवर होतं. लिहून घ्या.'

मी लिहून घेतलं.

चला, कोणाचे काही प्रश्न असतील तर घेऊ.